मूळ पदावर

सरांनी मला कामावर ठेवलं ते तोंडातून एक शब्द न काढता. ते खुर्चीत, मी समोर उभी, मधे टेबलावर टाइपरायटर. मी म्हटलं, माहेर पाथरीचं, लग्न होऊन परभणीत आले, दोन लेकरं आहेत, टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास आहे, तुम्हाला हाताखाली कुणीतरी पाहिजे असं कळलं. त्यांनी मशीनमध्ये कागद घातला, खाडखाड चार ओळी मारल्या आणि कागद ओढून माझ्या हातात दिला. ‘उद्यापासून सकाळी सात. चप्पल बाहेर. बांगड्या दोनच, आवाज होतो. पाठ सरळ.’ मला वाटलं, बिचाऱ्याला वाचा नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की मालक मुका आहे पण माणूस बरा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सातला पोचले. बारा मशीन, बारा पोरंपोरी, सगळ्यांच्या पाठी ताठ. आणि कुठून तरी एक पातळ, चिरका आवाज आला, ‘ए, एस, डी, एफ, जी, एफ. सेमीकोलन, एल, के, जे, एच, जे.’ मी इकडंतिकडं बघायला लागले, की कुणाचं लेकरू आत आलंय. लेकरू कुठलं आलंय? सर भिंतीशी हात मागं बांधून उभे होते आणि ओठ त्यांचेच हलत होते. पावणेसहा फुटी माणूस, कानावरचे केस पिकलेले, आणि आवाज सातवीतल्या पोरीचा. मी पदर तोंडात कोंबला. आता सांगायला लाज वाटते, पण कोंबला.

त्या आवाजानं त्या माणसाचा फार छळ केला होता. जिंतूरला शाळेत पोरं नकला करायची. पुढं एका कचेरीत चिकटले तर तिथं फोन उचलायची बंदी झाली, कारण पलीकडच्याला वाटायचं की चुकून कुणाच्या घरी लागला. हे सगळं मला काकूंनी सांगितलं, म्हणजे सरांच्या बायकोनं. शेवटी एक दिवस सरांनी ठरवलं, लोकांत बोलायचंच नाही. नोकरी सोडली, स्टेशनच्या मागच्या गल्लीत टायपिंगचा क्लास काढला, आणि जे काय म्हणायचं ते टाइप करून म्हणायला लागले. शर्टाच्या खिशात कायम चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एसटीत कंडक्टरपुढं चिठ्ठी, ‘जिंतूर एक’. न्हाव्याकडं चिठ्ठी, ‘मागून बारीक. गप्पा नकोत.’ भाजीला गेले की चिठ्ठी, ‘वांगी अर्धा किलो, काटेरी, कोवळी.’ भाजीवाल्या मावशीला वाचता येत नव्हतं. ती शेजारच्या किराणावाल्याकडून वाचून घ्यायची, मग वांगी तोलायची आणि चिठ्ठी जपून पोत्याखाली ठेवायची. मी एकदा विचारलं, कशाला ठेवताव? तर म्हणाली, सरकारी वाटतंय बाई, उगं फेकावं कसं.

लग्नासाठी काकूंना बघायला गेले तेव्हाही सरांनी स्वतःची सगळी माहिती एका कागदावर, समास वगैरे सोडून, सुबक टाइप करून नेली होती. काकूंनी ती वाचली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, की तुम्हाला बोलता तर येतं ना? सर म्हणाले, ‘येतं.’ काकू हसल्या, खूप हसल्या, आणि हसता हसताच हो म्हणाल्या. पुढं कधीही ह्यावरनं वाद झाला की सर चिठ्ठीवर लिहायचे, ‘आपण तेव्हा हसलात.’ आणि काकू म्हणायच्या, म्हणून तर आले.

क्लासात मात्र त्यांना बोलावं लागायचं, कारण शिकवायची रीतच तशी होती. जे बटण दाबायचं त्याचं नाव तोंडानं घ्यायचं. पोरांनी घ्यायचं, सरांनीही घ्यायचं. एकटे बसून चिठ्ठी मारत असले तरी ओठ चालूच. खालची लांब दांडी आली की ‘स्पेऽस’ असं लांबवून म्हणायचे, जसं काही त्या जागेत क्षणभर बसून घेतायत. पोरांच्या हातांवर पुठ्ठ्याचं झाकण असायचं, म्हणजे बटणांकडं बघता येऊ नये. कानानं ऐकायचं आणि बोटानं शोधायचं, एवढंच.

आणि तास संपला की त्यांचा तो हुकूम, ‘मूळ पदावर.’ म्हणजे समास दोन्हीकडचे सोडून टाकायचे, टॅब पुसायचे, कॅरेज, म्हणजे वरची सरकती गाडी, मधोमध आणायची, ओळींचं अंतर एकवर, वरून खोळ. तुम्ही इथं बसला होतात ह्याची खूण मशीनवर राहता कामा नये. पुढच्याला मशीन कोरी मिळाली पाहिजे. कुणी विसरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मशीनवर चिठ्ठी चिकटवलेली, ‘आपण गेलात, आपला समास राहिला.’

नामांतराची वर्षं होती. बंद असला की दार अर्धं लोटलेलं. टाइप करून घ्यायला सकाळी येणारे म्हणायचे, विद्यापीठाचं नाव बदललंच पाहिजे, तसं निवेदन मारून द्या. दुपारी येणारे म्हणायचे, बदलता कामा नये. सर दोघांनाही मारून द्यायचे, आणि मधे मशीन मूळ पदावर. फक्त सकाळच्यांच्या मजकुरातल्या चुका ते न बोलता दुरुस्त करायचे आणि दुपारच्यांच्या जशाच्या तशा ठेवायचे. हे माझ्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं.

ह्या शिस्तीनं माझे हात इतके बिघडले की विचारू नका. संध्याकाळी बंद करायचे सात वाजले की आपोआप चालायला लागायचे. घरी नवऱ्याचा रेडिओ बंद केला की काटा पार शून्यावर नेऊन ठेवायचे. त्याचं स्टेशन हरवायचं, तो चिडायचा, म्हणायचा, ह्या घरात मीसुद्धा एक दिवस मूळ पदावर जाईन, माझ्या आईकडं. मी हसायचे. हाताच्या ह्या खोडीनं पुढं काय घात केला ते येईलच.

आता केशरचं सांगते. पेडगावची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरची. चार वर्षांची असताना तापात डोळे गेले. तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पोरीला धरून क्लासात आले आणि म्हणाले, ‘हिला मेंढ्या आवाजावरून वळखू येत्यात. तुमच्या मशिनी काऊन न्हाई येणार?’ सरांनी सवयीनं चिठ्ठी मारली आणि पोरीच्या हातात दिली. तिनं ती पालथी-उताणी चाचपली, नाकाला लावली, आणि म्हणाली, ‘सर, कोराच हाय का?’

झालं. हिच्यापुढं चिठ्ठी चालेना. सरांनी ती चिठ्ठी परत घेतली आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, ‘पाठ सरळ ठेव.’ केशर हसली नाही. तिनं तोंड बरोबर त्यांच्याकडं वळवलं आणि म्हणाली, आता कळलं कुठं बघायचं ते. एवढ्या वर्षांत सर ज्याच्याशी सरळ तोंडानं बोलले असं काकूंशिवायचं ते एकच माणूस असेल. ती एकटीच अशी होती जिच्या हातांवर पुठ्ठा ठेवायची गरज नव्हती. महिनाभरात बाराही मशीन ती आवाजावरून ओळखायला लागली. चार नंबरचा एस थकलाय, सात नंबरची दांडी कुरकुर करतीय, तेल घाला. मी तेल घालायचे आणि खरंच कुरकुर थांबायची.

तीसची परीक्षा पास झाली, चाळीसची झाली. कुणीतरी वाचून दाखवायचं आणि ती सपासप मारायची. पण नोकरीला गेलं की प्रत्येक कचेरीत एकच प्रश्न, की टाइप करशील गं, पण चूक झाली तर बघणार कोण? टाइप केलेला कागद तिला कोराच. दोन वर्षं ती अशी फिरली. पेडगावहून येणं-जाणं मामांना जड व्हायला लागलं, घरात भावाचं लग्न निघालं, आणि मामांनी एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताई, दिवाळीपर्यंत बघतो, न्हाई जमलं तर पोरगी घरीच ठेवतो. केशरनं ते ऐकलं होतं. तिला सगळंच ऐकू यायचं. त्या दिवशी तिनं चार नंबरवर इतकं जोरात टाइप केलं की कागदाला भोकं पडली.

आणि मग आला कॉम्प्युटर. अहो, काय सांगू. आदल्या दिवशी दारावर चिठ्ठी, ‘उद्या कॉम्प्युटर येत आहे. सर्वांनी पाय धुऊन यावे.’ औरंगाबादहून एक इंजिनिअर आले, बसवून दिला, आणि जाता जाता म्हणाले, ह्याच्यात आवाजाचं कार्ड आहे, मजा दाखवतो. एक फ्लॉपी घातली, परभणी असं इंग्रजीत टाइप केलं, एंटर दाबलं. आणि मशीन बोललं! जाड, घोगरा, खर्जातला इंग्रज साहेब बोलल्यासारखा आवाज, म्हणाला, ‘पार-बॅ-नाय.’ मी दोन पावलं मागं सरकले. खालच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक वर धावलं. शिंपी आला, चहावाला किटलीसकट आला. प्रत्येकाला आपलं नाव म्हणवून घ्यायचं होतं, आणि साहेब प्रत्येकाच्या नावाची वाट लावायचा, आणि ज्याच्या नावाची वाट लागायची तो सगळ्यात खूश. तीन दिवस गल्लीत दुसरा विषय नाही.

सरांचं तर विचारूच नका. ह्या माणसानं उभा जन्म चिठ्ठ्या मारण्यात घालवला आणि आता चिठ्ठी स्वतः बोलायला लागली, तीही अशा भारदस्त आवाजात! सकाळी सातला सर बटणं दाबायचे आणि साहेब गरजायचा, ‘सिट स्ट्रेट.’ बारा पाठी ताठ. ‘नेक्स्ट लेसन.’ बारा कागद मशीनमध्ये. सर कॉम्प्युटरच्या मागं उभे राहायचे, आणि साहेब बोलत असताना त्यांचेही ओठ हलायचे. महिनाभर क्लास साहेबानंच चालवला. सर त्या दिवसांत तरुण दिसायला लागले होते, खोटं नाही सांगत. मला मनापासून आनंद झाला, की मिळाला एकदाचा ह्यांना आवाज.

पुढची अक्कल मात्र ना सरांची ना माझी, केशरची. तो सगळा महिना ती कोपऱ्यात बसून नुसती ऐकत होती. महिना संपता संपता म्हणाली, ‘सर, मी मारलेलं हे वाचंल का?’

सर ताडकन उठले. चूक बघणार कोण ह्याचं उत्तर टेबलावर बसलं होतं आणि आम्ही त्याच्याकडून शिंप्याचं नाव म्हणवून घेत होतो. त्याच आठवड्यात सर आणि मी एका कचेरीत गेलो, जिथं इंग्रजी टायपिस्टची जागा होती. सरांनी दीड पान निवेदन दिलं, उरलेलं मी बोलले, आणि मी बोलायला लागले की समोरच्याला हो म्हणण्यावाचून गत नसते. कचेरीचे साहेब म्हणाले, ठीक आहे, पंधरा दिवसांनी मशीन घेऊन या. एक पत्र सांगू, मुलीनं टाइप करायचं, आपल्या चुका आपणच शोधायच्या. शोधल्या तर घेतो. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

पण केशरला मशीनमधल्या साहेबाचं बोलणं कळेना. तो नाकातून, भरभर, गडगड वाचत जायचा. चूक आली की तीसुद्धा ऐटीत वाचून पुढं जायचा. केशर ऐकायची आणि रडकुंडीला यायची. इंजिनिअर सांगून गेले होते की ह्याचा आवाज बदलता येतो. मग एका संध्याकाळी सर बसले आवाज बदलायला. नेहमीप्रमाणे प्रत्येक बटण तोंडानं म्हणत. ‘टिंब. एस. पी. ई. ई. डी. स्पेऽस. चार. एंटर.’ साहेब हळू झाला. केशर म्हणाली, अजून. दोनवर आणला. म्हणाली, हां, पण लय जाड हाय, बारीक करा. ‘टिंब. पी. आय. टी. सी. एच. स्पेऽस. सहा. एंटर.’ अजून. सात. अजून. आठ. आम्ही सगळे भोवती जमलो होतो. नऊ केला, त्याच्या पुढं आकडाच नव्हता. सरांनी एक ओळ टाइप केली आणि मशीन पातळ, चिरक्या, सावकाश आवाजात बोललं.

केशरचा चेहरा उजळला. ‘हां. हेच. हे सर हायत.’

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून असं बघितलं त्याच्याकडं की तो जिनाच उतरून गेला. सरांचे कान लाल झाले होते. महिनाभर तो खर्जातला आवाज मिरवलेला माणूस, आणि त्याच पेटीतून आता त्याचाच आवाज बाहेर आला होता, शाळेतल्या पोरांनी नक्कल करावी तसा. मला इतकं वाईट वाटलं. केशरला ते दिसत नव्हतं, पण खोली गप्प झालेली तिला ऐकू आली. ती म्हणाली, ‘सर, मी अक्षरं तुमच्या तोंडून शिकले. दुसऱ्या तोंडून चूक मला सापडंना.’

जाताना सरांची माझ्या हातात चिठ्ठी, ‘हा आवाज केशरच्या तासापुरता. सातला मूळ पदावर.’

मग रोज तेच. संध्याकाळी सहा ते सात तो पातळ आवाज, आणि सात वाजले की मी इंजिनिअरनी दिलेली दुसरी फ्लॉपी घालायची, जिच्यावर सरांनी ‘मूळ’ अशी पट्टी चिकटवली होती. ती चालवली की कॉम्प्युटर पहिल्या दिवशी होता तसा कोरा, आणि सकाळी पुन्हा साहेब. तेरा दिवस मी न चुकता हे केलं.

ह्यात एक मोठी अडचण होती. वीज गेली किंवा मशीन बंद केलं की ते आपोआपच साहेबाकडं जायचं, फ्लॉपी तर नुसती शिस्तीपुरती, आत दुसरी कुठली खूण राहू नये म्हणून. आणि परीक्षेला मशीन न्यायचं म्हणजे बंद करूनच न्यायचं. तेव्हा तो पातळ आवाज मशीनच्या आतच कायमचा बसवायला पाहिजे होता, म्हणजे चालू करताक्षणी तोच आला पाहिजे. सर इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन तीन दिवस बसले. जेवायला उठायचे नाहीत, काकू डबा पाठवायच्या. परीक्षेच्या आदल्या दुपारी जमलं. बंद केलं, चालू केलं, एक ओळ मारली, आणि तोच पातळ आवाज आला. स्वतःच्या हातानं त्यांनी साहेबाला घालवलं होतं. मी टाळी वाजवली. सरांनी मला चिठ्ठी दिली, ‘आज कॉम्प्युटर आहे तसा ठेवणे. मूळ पदावर आणू नये.’ मी वाचली, मान डोलावली, पर्समध्ये टाकली. सर लगबगीनं रिक्षा ठरवायला गेले.

आणि सात वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय ती मिरवणूक! पुढं हातगाडीवर गादी, गादीवर कॉम्प्युटरचा डबा, त्याला दोरी, मागं रिक्षात सर, मांडीवर टीव्हीसारखा तो पडदा, नातवाला घ्यावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. शेजारी मी आणि केशर. मामा सायकलवर. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती, चहावाल्यानं तर हातच जोडले. मला वाटत होतं, आज काही तरी होणारच.

कचेरीत सरांनी सगळ्या वायरी जोडल्या, मशीन चालू केलं, पडद्यावर अक्षरं आली. तेवढ्यात कचेरीचे साहेब म्हणाले, शिकवणाऱ्यांनी आता बाहेर थांबायचं. आम्ही तिघं व्हरांड्यात खिडकीशी उभे राहिलो. आत साहेब, एक कारकून आणि केशर. कारकुनानं पत्र वाचून सांगितलं, केशरनं टाइप केलं. काय वेग! कारकुनालाच दम लागला. मग साहेब म्हणाले, हं, आता चुका शोध. केशरनं एंटर दाबलं.

आणि तो जाडा आवाज खोलीभर गडगडला. ‘डिअर सर.’

मामा म्हणाले, ‘हे कोण बोलायलंय?’

मी पर्स उघडली, चिठ्ठी तिथंच. आणि मला माझे हात दिसले, काल सातला, पट्टी लावलेली फ्लॉपी उचलणारे, घालणारे, चालवणारे, काढून पाकिटात ठेवणारे. मला कळलंसुद्धा नव्हतं. बारा मशीनवर खोळी घालता घालता तेराव्याचंही केलं होतं. मी ती चिठ्ठी सरांपुढं धरली आणि म्हटलं, ‘सर, माझ्या हातांनी केलं.’ मला रडूच फुटलं.

सरांनी आपलीच चिठ्ठी वाचली. मग ते दाराकडं गेले, शिपायानं हात आडवा धरला. ते खिडकीशी परत आले, गज धरले, आणि मी बघितलं की त्यांनी छाती भरून श्वास घेतलाय, मानेच्या शिरा तटतटल्यात, आता हा माणूस भर कचेरीत ओरडणार. जो एसटीत ‘जिंतूर’ म्हणत नाही तो.

तेवढ्यात आतून केशरचा आवाज आला. शांत. ती साहेबांना म्हणाली, की दोन मिनिटं द्या, मशीनचा आवाज बदलायचाय. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि हूं म्हणाले. तिनं पाठ सरळ केली. बोटं बटणांवर ठेवली. आणि म्हणायला लागली.

‘टिंब. एस. पी. ई. ई. डी. स्पेऽस. दोन. एंटर. टिंब. पी. आय. टी. सी. एच. स्पेऽस. नऊ. एंटर.’

तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज संध्याकाळी सहाला सर तिच्या शेजारी बसून हेच करायचे, तोंडानं म्हणत, आणि तिनं ते अक्षर न अक्षर उचललं होतं, त्या लांबवलेल्या स्पेससकट. सरांनी घेतलेला श्वास हळूहळू सोडला. गज मात्र सोडले नाहीत.

आता पातळ आवाजानं पत्र वाचायला सुरुवात केली. कारकून खोकल्यासारखं करून हसला. सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मशीन एकेक शब्द सावकाश वाचत होतं आणि केशर मान तिरकी करून ऐकत होती, थांबवत होती. तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त पडलंय. काढलं. सातव्या ओळीत दोन अक्षरं उलटी झालीत. सुलटी केली. मग म्हणाली, नववी आणि दहावी ओळ एकच हाय, पण ती चूक माझी न्हाई, सांगणाऱ्यांनी दोनदा सांगितली. कारकुनाचं हसणं तिथं थांबलं. साहेबांनी त्याच्या हातातला कागद घेतला, पडदा बघितला, पुन्हा कागद बघितला.

मग त्यांनी विचारलं, ‘चुका तर शोधल्यास. पण तो पहिला आवाज चांगला होता की. हा असा कशाला लावलास?’

केशर म्हणाली, ‘तो चांगलाच हाय साहेब. पण हा आमच्या सरांचा हाय. ह्या आवाजात मला चूक लपत न्हाई.’

‘कोण सर?’

शिपायानं दार उघडलं. सर उंबऱ्यात उभे राहिले. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला, गठ्ठ्याला लागला. मी वाट बघत होते चिठ्ठीची. हात रिकामाच खाली आला.

‘मी,’ सर म्हणाले.

त्याच आवाजात, जो आत्ता मशीनमधून येत होता. खोलीत कुणी हसलं नाही. कारकून टेबलाकडं बघत होता. साहेब उठले आणि म्हणाले, बसा सर. आणि मला पुन्हा रडू आलं, मामा म्हणाले, ताई, आता काऊन रडायलाव, आता तर झालं की.

केशरला दिवाळीच्या आत नोकरीचा कागद मिळाला. कचेरीचा स्वतःचा कॉम्प्युटर येईपर्यंत सरांनी आपला तिथंच ठेवला, वर्षभर, त्या आवाजासकट. क्लासात पुन्हा नुसत्या बारा मशीन आणि सरांचं ए एस डी एफ. मला वाटलं होतं सर मला काढतील, निदान बोलतील. आठ दिवसांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, ‘आपले हात माझ्या नियमाप्रमाणे चालले. दोष नियमाचा आहे.’ ती अजून माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

भाजीवाल्या मावशीनं मला सांगितलं, की तुमचे सर परवा आले आणि तोंडानंच म्हणाले, मावशी, वांगी. तिनं आधी लेकरू कोण बोललं म्हणून इकडंतिकडं बघितलं. मग तिनं वांगी दिली, पण म्हणाली, आन चिठ्ठी कुठंय? तिला चिठ्ठी पाहिजेच होती. सरांनी खिशातली एक जुनी काढून दिली, न्हाव्याची.

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, काकूही गेल्या. क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. केशर निवृत्तीला आली. मागच्या महिन्यात तिच्या कचेरीत गेले होते, तर त्याच दिवशी तिच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर बसवत होते. बसवणारी मुलगी मोठी हौशी, म्हणाली, मॅडम, आता ह्याच्यात मराठी बाईचा आवाज आहे, ऐका. आणि खरंच, काय सुरेख आवाज, आकाशवाणीवरच्या बाईसारखा, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. केशरनं दोन ओळी ऐकून घेतल्या. म्हणाली, ‘बाई चांगली हाय. पण लय गोड बोलतीय, चूक पोटात घालंल.’

मग तिनं खुर्ची पुढं ओढली आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये गेली. एकेक बटण तोंडानं म्हणत. वेग खाली आणला. पट्टी वर चढवली, अजून वर, शेवटपर्यंत. नेहमीसाठी हाच ठेवायचा का असं मशीननं विचारलं, तिनं हो म्हटलं. बसवणारी मुलगी म्हणाली, अहो मॅडम, हा तर बिघडल्यासारखा वाटतोय. केशरनं सहा अक्षरं टाइप केली आणि स्पेऽस म्हणून एंटर दाबलं.

‘ए. एस. डी. एफ. जी. एफ.,’ मशीन म्हणालं.

‘हां,’ केशर म्हणाली. ‘आली मूळ पदावर.’

मी खुर्चीत पाठ सरळ करून बसले होते.